कोटेशनमधल्या रिकाम्या जागा

‘माझा मुलगा अकरावीला आहे. दहावीला चांगले मार्क पडले तर कॉम्प्युटर घेऊन देईन, असं मी बोलून बसले आणि त्याने मार्क पाडले. आता त्याला गेमिंग पीसी हवाय. गावातल्या दुकानदाराने ३४ हजारांचं कोटेशन दिलंय. त्यात आय७ आहे, स्क्रीनसुद्धा आहे. मुलाने स्वतः यादी केलीय ती ६९,५०० रुपयांची. तिच्यात आय७ नाही आणि स्क्रीनही नाही. दुप्पट पैसे देऊन वस्तू कमी, हे कसं काय? माझी मर्यादा ७० हजार, तीही ओढूनताणून. दोन्ही याद्या सोबत जोडल्या आहेत. शिवाय तो म्हणतो, सुटे भाग आणून मी घरीच जोडतो. जोडू द्यावं का?’
– एक आई, बार्शी

ताई,

दोन्ही याद्या वाचल्या. निकाल आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. दुकानदाराचं कोटेशन बाजूला ठेवा. मुलाची यादी धरा, पण तिच्यावर लाल पेन फिरवावा लागेल. पोरगं अभ्यास करून बसलंय हे दिसतंय, फक्त दोन-तीन ठिकाणी दिव्यांना भुललंय.

आता दुकानदाराचा कागद घ्या. ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट विथ एसएमपीएस, २२ इंची एलईडी, कीबोर्ड-माऊस.’ वाचायला भरगच्च वाटतं. पण यात एकाही वस्तूचं पूर्ण नाव नाही. कोणता आय७? कोणतं ग्राफिक्स कार्ड? कोणत्या कंपनीचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), किती वॅटचा? उद्या कोणी ‘स्प्लेंडर आहे, चांगली पळते’ एवढंच सांगितलं तर तुम्ही टोकन द्याल का? आधी आरसी बुक मागाल, साल बघाल. इथेही तेच करायचं. जिथे पूर्ण नाव लिहिलेलं नाही, नेमका तिथेच गिऱ्हाइकाचा खिसा हलका होतो.

आय७ हे नाव इंटेल ही प्रोसेसर बनवणारी कंपनी २००८ पासून वापरत आलीय. नाव तेच, आतला माल दर एक-दोन वर्षांनी बदलतो. म्हणून डॅशच्या पुढचा आकडा बघायचा. चार आकडे असतील तर पहिला आकडा म्हणजे पिढी, पाच असतील तर पहिले दोन. आय७-३७७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. आय३-१२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ ची. दोघांनाही कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे मेंदू) चारच, तरीही हा धाकटा आय३ त्या थोरल्या आय७ला आरामात मागे टाकतो. स्क्रीनसकट ३४ हजारांत ‘आय७’ बसवायचा तर तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचाच असतो: कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेल्या मशीनमधून निघालेला, स्वस्तातल्या नव्या बोर्डवर चढवलेला आणि लाल-निळे दिवे लावलेल्या कोऱ्या कॅबिनेटमध्ये घातलेला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

तुमच्या दुकानदाराचा तसाच असेल असं मी इथे बसून म्हणणार नाही. दुकानात जा आणि शांतपणे विचारा, ‘दादा, पूर्ण नंबर कोटेशनवर लिहून द्या.’ लिहून दिला तर उत्तम. ‘मॅडम, आय७ म्हणजे आय७, टॉपचा आहे’ असं उत्तर आलं, तर चहा पिऊन परत या.

जुन्या पिढीचा आणखी एक त्रास आहे, तो मुलाला लगेच कळेल. विंडोज ११ अधिकृतपणे, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासूनच्याच इंटेल प्रोसेसरवर चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या यादीच्या मागे पेन्सिलने ‘व्हॅलोरंट, जीटीए ५’ असं लिहिलेलं दिसतंय. त्यातला व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) मागतो, आणि त्या काळच्या बोर्डांवर टीपीएम २.० नसतं. मित्र ऑनलाइन वाट बघत बसलेत आणि याचा गेमच उघडत नाही, असं झालं तर तुमचे ३४ हजार घरात रोजची कटकट होऊन बसतील.

‘४ जीबी ग्राफिक्स’ हीसुद्धा अर्धीच माहिती. जीटी ७३० नावाचं एक कार्ड २०१४ पासून बाजारात फिरतंय, त्यालाही ४ जीबी मेमरी मिळते. गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली आणि खाली नळ अर्ध्या इंचाचा ठेवला तर बादली काय लवकर भरणार! कार्डाचं काम किती वेगाने होतं हे चिपवर ठरतं, जीबीवर नाही. आणि खेळताना पडद्यावर जे काही दिसतं ते सगळं हेच कार्ड काढतं, त्यामुळे गेमिंगच्या मशीनमध्ये सगळ्यात मोठा वाटा याच एका वस्तूवर जायला हवा. या बाबतीत तुमचा मुलगाही चुकलाय.

त्याची यादी अशी आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर ११,५००, बी५५० ‘गेमिंग’ मदरबोर्ड वायफायसह ११,०००, पाण्याचा कूलर ५,५००, १६ जीबी रॅमची एक पट्टी ९,०००, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी ७,५००, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड १७,०००, सात पंख्यांचं काचेचं कॅबिनेट ६,५००, एसएमपीएस १,५००.

मी हेच भाव धरून बोलतो. बाजारात जाल तेव्हा ते हललेले असणारच. त्यातही रॅम आणि एसएसडीचे भाव २०२५ च्या अखेरीपासून असे चढलेत की सकाळचं कोटेशन संध्याकाळी टिकेल याची खात्री नाही. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवीय, कारखाने आधी त्यांना देतात आणि त्याची झळ बार्शीपर्यंत पोहोचते.

प्रोसेसर त्याने छान निवडलाय, त्याला हात लावू नका. सहा कोअर, एएमडीच्या एएम४ बोर्डवर बसणारा, ६५ वॅटचा. आणि तो ६५ वॅटचा आहे म्हणूनच पाण्याचा कूलर खोडा. बॉक्स पॅक ५६०० सोबत कंपनीचा पंखा येतो आणि तो या प्रोसेसरला पुरतो. मात्र बॉक्स पॅकच घ्या. काही ठिकाणी ‘ट्रे’, म्हणजे खोक्याविना सुटा प्रोसेसर पाच-सातशे रुपये कमी करून देतात. त्यात पंखा नसतो, आणि वॉरंटी कंपनीची नाही, दुकानदाराच्या तोंडची असते.

मदरबोर्डच्या खोक्यावर ‘गेमिंग’ छापलं की दोन-तीन हजार वाढतात. साधा बी५५० किंवा बी४५० बोर्ड ७ हजारांच्या आसपास मिळाला की काम झालं. बी४५० घेतलात तर दुकानदाराला विचारा की बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ५६०० साठी अपडेट केलेला आहे का. जुना स्टॉक असेल तर प्रोसेसर ओळखलाच जात नाही आणि पोरगं रात्रभर डोकं धरून बसतं. वायफायचं म्हणाल तर राऊटरपासून लॅनची वायर ओढा. खेळायला तीच बरी.

कॅबिनेटचं मी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे आपल्या हवेचा संबंध येतो. यादीतल्या कॅबिनेटला पुढूनही काच आहे. म्हणजे सात पंखे हवा ओढायला तयार, पण हवा यायची कुठून? तर कडेच्या बोटभर फटीतून. मे महिन्यात तुमच्याकडे बेचाळीस अंश असताना त्या काचेआड काय होईल ते बंद एसटीत दुपारी बसलेल्या माणसाला विचारा. पुढे जाळी असलेलं, दोन-तीन पंख्यांचं कॅबिनेट साडेतीन हजारांपर्यंत मिळतं, ते घ्या. दिवे हवेच असतील तर पंख्यांत असतातच. आणि ते जमिनीवर ठेवू देऊ नका. झाडू मारताना उडणारी सगळी धूळ पंखे आत घेतात.

आता हिशोब बघा. कूलरचे ५,५००, बोर्डातले ४,०००, कॅबिनेटमधले ३,००० वाचले. साडेबारा हजार झाले. हे कुठे घालायचे?

पहिले तीन हजार एसएमपीएसमध्ये. इथे मी हट्टाला पेटतो, त्याला कारण आहे. धंद्याच्या सुरुवातीला मी माझ्या भाच्याचा कॉम्प्युटर जोडला होता आणि बहिणीचे आठशे रुपये वाचवायचे म्हणून कॅबिनेटबरोबर आलेलाच एसएमपीएस ठेवला. वर ‘५०० वॅट’ असं ठळक छापलेलं. चार महिन्यांनी संध्याकाळी फोन आला, ‘मामा, जळल्यासारखा वास येतोय.’ जाऊन उघडला, तर हातात घेतल्यावर तो बिस्किटाच्या पुड्याइतका हलका. आत दोन कपॅसिटर फुगून वर आलेले, एक फुटून त्याचा तपकिरी चिकट रस बोर्डवर सांडलेला. जाताना तो मदरबोर्डही घेऊन गेला. बहिणीने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण दुसरा बोर्ड मी माझ्या पैशांनी आणला. तेव्हापासून एसएमपीएस हातात घेऊन वजन बघितल्याशिवाय मी घेत नाही. नावाजलेल्या कंपनीचा, ५५० वॅटचा, ‘८० प्लस ब्राँझ’ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का) लिहिलेला घ्या. साडेचार हजारांच्या आसपास बसेल. ७५० ची गरज नाही. हे अख्खं मशीन जोरात खेळतानाही अडीचशे वॅटच्या आसपासच ओढेल.

याच ओघात एक घरगुती गोष्ट. ज्या प्लगवर हे लावणार त्याला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या आल्यासारखं होतं. त्यात एसएमपीएस खराब असतोच असं नाही. गळतीचा बारीक करंट एरवी अर्थच्या वायरने जातो, ती वायर नुसती लोंबत असेल तर तो पत्र्यावरच राहतो. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या पिनेच्या मागे काहीच जोडलेलं नसतं. त्या कामाला वायरमन जे घेईल ते द्या.

उरलेल्या साडेनऊ हजारांतले साधारण साडेचार ग्राफिक्स कार्डात घाला. आरटीएक्स ३०५० हे एकच नाव लावून दोन वेगळी कार्डं विकली जातात. २०२२ मध्ये आलेलं ८ जीबीचं, आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं. दुसरं म्हणजे फक्त मेमरी कमी केलेलं पहिलं नव्हे, त्याची चिपही छाटलेली आहे. १७ हजारांचं म्हणजे हे ६ जीबीवालं. त्याचा एकच गुण, ते इतकी कमी वीज घेतं की एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नाही. जुन्या ऑफिसच्या मशीनमध्ये घालायला ते ठीक आहे. तुम्ही सगळंच नवीन घेताय, तर आरएक्स ६६०० बघा. ८ जीबी, आणि खेळताना फरक डोळ्यांना दिसेल इतका. तेव्हा ते मिळालं नाही तर त्याच भावात जे ८ जीबीचं चालू पिढीचं कार्ड असेल ते, पण ‘आरएक्स ५८०’ स्वस्तात मिळतंय म्हणून उडी मारायची नाही. त्या नावाखाली ‘२०४८ एसपी’ म्हणून कापलेलं कार्ड बाजारात भरपूर आहे. एसपी म्हणजे चिपमधले हिशोब करणारे बारीक भाग, खऱ्याला ते २३०४ असतात. त्यातली कित्येक क्रिप्टोच्या खाणीत रात्रंदिवस राबून आलेली असतात. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद पडलं आणि तसली कार्डं पोत्यांनी बाजारात आली.

एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबी घेतला तर तीनेक हजार सुटतील. मुलगा कुरकुरेल, कारण एकेक गेम शंभर जीबी खातो. त्याचं म्हणणं खरं आहे. पण एसएसडी पुढच्या दिवाळीला दुसरा लावता येतो, स्क्रूचं काम आहे. एसएमपीएस आणि कार्ड असं टप्प्याटप्प्याने वाढवता येत नाही, काढून दुसरंच घ्यावं लागतं.

आता हातात आठ हजार राहिले, ते स्क्रीनचे. यादीच्या कोपऱ्यात ‘हॉलमधला टीव्ही वापरू’ असं बारीक अक्षरात लिहिलंय, ते तुम्ही वाचलंत का? ३२ इंची टीव्ही बहुतेक ‘एचडी रेडी’ असतात, म्हणजे १३६६ बाय ७६८. एवढं कार्ड घेऊन त्याच्यावर खेळणं म्हणजे पैठणी नेसून अंधारात बसणं. आणि संध्याकाळी टीव्ही कोणाचा, हा तंटा घरात आणायचा कशाला? १९२० बाय १०८०, आयपीएस पॅनल, १०० हर्ट्झचा (सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर या पैशांत बसतो. घरात जुना कीबोर्ड-माऊस असेल तर तूर्त तोच चालू दे.

रॅमची एक पट्टी घेण्यामागे ‘पुढे दुसरी लावू’ असा त्याचा विचार असणार. मी तरीही ८-८ जीबीच्या दोनच म्हणेन. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन वाटांनी एकदम माल उचलतो. एकच असेल तर निम्मा रस्ता बंद. पैसे जवळपास तेवढेच.

७० हजार ओढूनताणून, असं तुम्ही लिहिलंय. ते वाक्य मी परत वाचलं. ओढाताण नकोच असेल तर एक मधला रस्ता आहे. ५६०० ऐवजी रायझन ५ ५६००जी घ्या. त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं, म्हणून आज वेगळं कार्ड नको. बाकी बोर्ड, दोन पट्ट्या रॅम (इथे मात्र दोनच हव्यात, कारण ते ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी घेतं), चांगला एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट, स्क्रीन, सगळं वर सांगितलं तेच. कार्डाचे वीस-बावीस हजार आज वाचतात. व्हॅलोरंट कमी सेटिंगवर आरामात चालेल, जीटीए ५ खेळताना थोडी तडजोड करावी लागेल. बारावी झाल्यावर कार्ड आणून त्याच मशीनमध्ये लावायचं. ५६००जी हा कार्डाबरोबर ५६०० इतका पळत नाही, त्याची कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मी आहे, एवढी किंमत मोजावी लागते. माझ्या घरचा प्रश्न असता तर मी हेच केलं असतं. पण माझ्या घरी अकरावीतलं पोर नाही, तेव्हा हे बोलणं मला सोपं आहे.

खरेदी कुठे करायची? तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं नाव घेतोय. एकदा जरूर न्या, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जाता येतं आणि त्या वयात ती गल्ली म्हणजे जत्राच. पण भावात दीड-दोन हजार सुटले तरी कार्ड बिघडलं की पुन्हा तिथवर फेरी. सोलापूर किंवा पुण्यात मिळालं तर बरं. कुठेही घ्या, १८ टक्के जीएसटीसह पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर असू द्या. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणणाऱ्याला हात जोडा. वॉरंटीच्या वेळी कंपनी पहिलं बिलच मागते. ऑनलाइन मागवलंत तर पार्सल फोडण्याआधी व्हिडिओ चालू करा आणि खोकं पूर्ण रिकामं होईपर्यंत बंद करू नका.

जोडू द्यावं का? अहो, द्याच. नीट जोडला तर तो त्याचा त्यालाच दुरुस्त करता येईल. फक्त घाई करू देऊ नका, रविवारी सकाळी आंघोळ-नाश्ता उरकून बसू दे. या प्रोसेसरच्या खाली केसासारख्या बारीक पिना असतात. कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आहे, सॉकेटवरही तशीच खूण आहे. दोन खुणा जुळवल्या की तो आपल्या वजनानेच खाली बसतो. दाबावा लागला तर समजायचं, चुकतंय. रॅमची पट्टी मात्र उलट, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावी लागते आणि नवखी मुलं तिथेच भितात.

सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायला सांगा, नाहीतर ३२०० ची रॅम पैसे देऊनही बहुतेकदा कमी वेगाने चालत राहते. विंडोजमध्ये मॉनिटर १०० हर्ट्झवर करायचा, तो बहुतेक वेळा ६० वरच असतो. आणि पंखे फिरतायत, दिवे लागलेत पण स्क्रीन काळीच आहे, असं झालं तर कोणावर ओरडू नका. कॅबिनेटच्या मागे जाऊन बघा. मॉनिटरची केबल वरच्या, मदरबोर्डच्या भोकात घातलेली असेल. ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, तिथून काहीच येणार नाही. ती काढून खाली, आडव्या कार्डात लावा.